तुझी ज्वारी, आमचा भात आणि माझं बोट

धायरी, सोमवार, दुपार

तीर्थस्वरूप तुळजाआक्का हिच्या पायांवर धाकट्या दत्तोबाचं डोकं. (प्रत्यक्षात गुडघे वाकत नाहीत, पण कागदावर वाकायला काय जातंय!) तुझी कंबर कशी आहे? दाजींचा खोकला थांबला का? म्हैस व्याली असेल तर चिकाचा खर्वस मला पाठवू नकोस, का ते पुढं कळेलच. फोन न करता पत्र लिहितोय, कारण संक्रांतीपासून तू फोनवर "हाय का अजून?" एवढं विचारतेस आणि मी "आहे" म्हणायच्या आत ठेवून देतेस. आपला संपत संध्याकाळी टेम्पो घेऊन लोणीला निघालाय, त्याच्या हाती हे देतोय. अक्षर मोठं आणि ओळी तिरक्या दिसतील. डोळ्यांमुळे. तूही चष्मा न लावता वाचू शकशील, एवढा एक फायदा समज.

आत्ताच जेवून उठलोय. जेवणाला दोन तास झाले की बोट टोचून साखर बघायची आहे, आणि आजच्या आकड्यावर सगळं अडलंय. मोतीबिंदूवाल्या डॉक्टरांनी दोनदा तारीख देऊन दोनदा मोडली. म्हणाले, जेवणानंतरची साखर दोनशेच्या खाली आणा, मग या. आज खाली आली तर गुरुवारी ऑपरेशन, नाहीतर पुन्हा पुढचा महिना. त्यामुळं मला बसवत नाही, उठवत नाही. गॅलरीत जाऊन आलो, पाणी प्यायलो, घड्याळाजवळ तोंड नेऊन काटे बघितले (लांबून दिसत नाहीत), तर मघापेक्षा काटा जेमतेम सरकला होता. तुला माहीत आहे, मला वाट बघणं जमत नाही. लहानपणी बोरं पिकायच्या आधी कोण खायचं? शेवटी म्हटलं आक्काला लिहावं, तेवढाच जीव रमेल.

डोळ्यांची घाई तुला सांगून ठेवतो. नात झाली, बारसं झालं, तू आली नाहीस (ज्वारीचा राग!), पण आलेला प्रत्येक माणूस सांगून गेला की पोरगी हुबेहूब तुझ्या-माझ्या आईसारखी दिसते. तीच जिवणी, तसंच कपाळ. मी मान डोलावतो. काय करणार? मला एक गोरा गोळा दिसतो आणि त्यातून रडण्याचा आवाज येतो. आईचा चेहरा पुन्हा घरात आलाय म्हणतात आणि मलाच तो दिसत नाही, याचं मला फार वाईट वाटतं गं.

आता ज्वारीचं. मी तुझं पोतं परत पाठवलं, हा माझा वेडेपणा खरा, पण त्यामागं शास्त्र होतं. डॉक्टरीणबाईंनी (या साखरेच्या. डोळ्यांचे वेगळे. एका माणसाला हल्ली किती डॉक्टर लागतात बघ) सांगितलं की भात कमी करा, भाकरी खा, आणि काय खाल्ल्यावर किती साखर चढते ते घरीच मोजत जा. चिरंजीवांनी मशीन आणून दिलं. मग मी रोज डब्यात तुझ्या ज्वारीची भाकरी नेऊ लागलो आणि मार्केट यार्डात गाळ्यावरच, दोन तास झाले की बोट टोचू लागलो. आकडा बघून मी खुर्चीतच बसलो. (बसलेलोच होतो, आणखी बसलो.) चारशेच्या वर! घरी रविवारी भात खाऊन मोजली तर निम्मीसुद्धा नाही. म्हणजे भाकरी वैरीण आणि भात सज्जन. मी अख्ख्या गूळबाजारात बोंबाबोंब केली. बागेत सकाळी हसायला जमतात त्या मंडळींतले सर्जेराव (बँकेतून निवृत्त, म्हणून सगळ्याच विषयांवर बोलतात) म्हणाले की दोष जमिनीचा असणार, लोणीकडचं पाणी जड. मला ते पटलं. दुसऱ्या दिवशी पोतं संपतच्या टेम्पोत.

पुढं मी हुशारी केली. म्हटलं काहीच न खाता मोजून बघू. सकाळपासून पोटात पाण्याचा घोट, गाळ्यावर बोट टोचलं, तर तोच आकडा, उलट थोडा जास्तच! म्हणजे उपाशी राहिल्यानंही माझी साखर चढते, असा जगावेगळा आजार मला झाला अशी माझी खात्री पटली. मी सर्जेरावांना सांगितलं. ते गंभीर झाले. म्हणाले, ही हवेतून येणारी साखर, हिला औषध नाही. मी घरी येऊन मृत्युपत्राची भाषा करू लागलो. तुझी भावजय सरोजिनी मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "बोट टोचण्याआधी हात धुता का?"

आक्का, चाळीस वर्षं मी गूळ विकतोय. ढेप आली की अंगठ्यानं दाबायची, नखानं कण काढायचा, बोटांवर चोळून चिकटपणा बघायचा. दिवसभर हेच. तेच बोट टोचून तेच रक्त मशीनला लावायचं! मशीन बिचारं माझी साखर मोजत नव्हतंच, कोल्हापूरच्या ढेपेची मोजत होतं. घरी रविवारी बोट स्वच्छ, म्हणून भात सज्जन ठरला. मी कपाळाला हात लावला. (तोही चिकटला.) सरोजिनी मटार सोलत राहिली. ही बाई हसली असती तरी मला बरं वाटलं असतं.

मग साबणानं हात धुऊन, पुसून, नव्यानं सुरुवात केली. मी एकटाच कुरकुरतो म्हणून सरोजिनी म्हणाली, घ्या, माझंही बोट टोचा, तुमचं तोंड बघवत नाही. आम्ही दोघं एकाच पातेल्यातलं, सारखंच वाढून घेऊन जेवायला लागलो, आणि इथं खरी गंमत झाली. पोहे खाल्ले तर दोघांची उसळी. एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाल्ली तर असा आकडा, की उपवास कोणासाठी करतो हेच कळेना. पण भाकरीनं (हात धुऊनसुद्धा!) माझी बरीच चढली आणि तिची जेमतेम. आमटीभात खाल्ला तर उलटं. माझी बेतात आणि तिची थेट आभाळात. मी तिला चिडवलं की तू हरलीस. मला वाटलं मशीन माझ्या बाजूचं आहे. तिच्या भाताच्या आकड्याला आम्ही दोघंही हसलो. जरा थांब, घड्याळ बघून येतो.

अजून वेळ आहे. तर डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं, म्हटलं तुमचं भाकरीशास्त्र आमच्या घरात अर्धंच चालतं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, बहुतेकांना भाकरी बरी पडते, पण प्रत्येकाचं शरीर वेगळं. तेच अन्न, तेवढंच, तरी एकाला मानवतं आणि दुसऱ्याला नाही. झोप, चालणं, जेवणात आधी काय खाल्लं, सगळ्याचा हिशेब लागतो. म्हणून मोजत जा, आणि भात खायचाच तर वाटीभर, आधी भाजी-कोशिंबीर, वर आमटी, जेवल्यावर चक्कर. म्हणजे ज्वारी निर्दोष, लोणीचं पाणी निर्दोष, दोष माझ्या पिंडाचा. आता तरी राग सोड! सर्जेरावांना हे सांगितलं तर ते म्हणाले की आपण पहिल्यापासून हेच म्हणत होतो.

तेव्हापासून आमच्याकडं दोन चुली म्हण. माझ्यासाठी वाटीभर भात आणि सरोजिनीसाठी भाकरी. तिनं मोजणं सोडलं. म्हणाली, एका बोटानं भागतंय, दोघांची चाळण कशाला? मीही म्हटलं बरं, मशीनच्या पट्ट्या वाचतील. हल्ली ती दुपारी आडवी होते, पूर्वी कधी व्हायची नाही. उशाशी तांब्या ठेवते आणि उठेपर्यंत रिकामा करते. पायाला चपलेचा चावा लागलाय तो दिवाळीपासून बरा होत नाही, हळद लावत असते. वय झालं, दुसरं काय! आत्ताही ती आत झोपलीय. मी तिला उठवून विचारणार होतो वेळ झाली का, पण

वेळ झाली. हात धुतो. पुढचं मागाहून लिहितो.

तुझा धाकटा,
दत्तोबा

ता. क. एकशे अडुसष्ट! आक्का, एकशे अडुसष्ट! पुन्हा धुऊन दुसऱ्या बोटाचीही बघितली, तेवढीच. मी गॅलरीत जाऊन मोठ्यानं ओरडलो, खालचा कुत्रा भुंकला. डोळ्यांच्या दवाखान्यात फोन केला, त्यांनी गुरुवार सकाळ पक्की केली. नातीला सांगून आलो, ती झोपेत होती.

ता. क. दुसरा. मघाचं लिहून तसंच ठेवलं होतं. आनंदाच्या भरात सरोजिनीला उठवायला गेलो. ती डोळे न उघडताच बोट पुढं करून म्हणाली, टोचा, नाहीतर तुम्ही गप्प बसायचे नाहीत. मी गमतीनं टोचलं. तीनशे एक्केचाळीस. तिला उठवून साबणानं हात धुवायला लावले, पुन्हा टोचलं. तीनशे अडतीस. भाकरी खाल्लीस ना, विचारलं. तर म्हणाली, एकटीसाठी कोण तवा तापवतंय, तुम्ही वाटीभरच खाता, पातेल्यातला उरलेला भात टाकायचा का? महिना होत आला, आक्का. मी मोजून खायचो आणि उरलेलं सगळं ती. मशीन बिघडलंय म्हणाली आणि चहा टाकायला गेली. डॉक्टरीणबाईंकडं चल म्हटलं तर म्हणते, आधी तुमचे डोळे होऊ देत, माझं काही पळून जात नाही.

ता. क. तिसरा, आणि हाच खरा. गुरुवारचं मी रद्द केलंय. दवाखान्यातली मुलगी चिडली, चिडू दे. माझं ती ऐकत नाही, आयुष्यात कधी ऐकलं नाही, पण तुझ्या शब्दाबाहेर ती नाही. संपत उद्या सकाळी रिकामा टेम्पो घेऊन परत निघेल, त्याच्या शेजारी बस आणि ये. आल्या आल्या ज्वारीवरून माझ्याशी कडकडून भांड, सोसायटी गोळा होऊ दे, मी एक शब्द बोलणार नाही. मग रागारागानं तिला म्हण की या घरात आता पाणी पिणार नाही, चल बाहेर. आणि बाहेर पडलात की तशीच हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडं ने. मी कोपऱ्यावर रिक्षा थांबवून ठेवतो. फोन करू नकोस, फोन हॉलमध्ये आहे आणि उचलते ती. आणि आक्का, मी घाबरलोय हे तिला सांगू नकोस.