मेळ्यातलं न गायलेलं कडवं

२१ ऑगस्ट १९७७, रविवार

हरलो! चाळीच्या मंडळाची बैठक झाली. गणपतीच्या पाचव्या दिवशी यंदा आमचा गाण्यांचा मेळा नको, ऑर्केस्ट्रा आणायचा, असं ठरलं. माझ्या बाजूनं तीन हात वर झाले, त्यातला एक माझाच. तेवीस वर्षं मी या मेळ्याची गाणी लिहितोय — दिवसा गिरणीत साच्यावर कापड विणायचं, संध्याकाळी गाणी. अध्यक्ष रेवणसिद्ध, आमचा जुना ढोलकीवाला, तोही पोरांच्या बाजूचा. म्हणे, पोरांना आता भाषण नको, नाच पाहिजे. बरं बाबा, नाचा.

२३ ऑगस्ट

रेवणसिद्धाला दया आली असावी. ऑर्केस्ट्राच्या आधी अर्धा तास मेळ्याला देतो म्हणाला, पण नागनाथ गाणार असेल तरच. तेही खरंच. त्या पोराच्या गळ्याशिवाय आमचं गाणं म्हणजे नुसता कालवा.

२५ ऑगस्ट

तालमीला चौघे आले. त्यातले दोघे कॅरम कुठं ठेवलाय ते विचारायला.

२८ ऑगस्ट

नागनाथला नव्या पेठेत शिंप्याच्या दुकानात गाठलं. ऑर्केस्ट्रात गाणार म्हणून पॅन्ट शिवायला टाकली आहे — खाली एवढी रुंद की एकेका पायात दोन नागनाथ मावतील! हाच पोरगा गिरणीच्या फाटकाशी गायचा तेव्हा लोक सायकली थांबवून उतरायचे. म्हटलं, आणीबाणी उठली, आता भीती कुणाची? त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाला, "काका, मी मेळ्यात गानार न्हाय. तुमी लिवलंय, तुमीच म्हना की."

फार लागलं. या पोरांच्या अंगात रगच राहिलेली नाही. आम्ही या वयात — जाऊ दे.

४ सप्टेंबर, रविवार

सुट्टी. जुनी वही काढून बसलो. कुणालाच सांगितलेलं नाही ते इथं लिहून टाकतो.

गेल्या वर्षी मेळ्याची गाणी आधी पोलीस चौकीवर द्यावी लागली. दोन पक्क्या प्रती — एक त्यांच्याकडं राहायची, दुसरी शिक्का मारून परत. एका गाण्यात नागनाथच्या बापावर, जालिंदरवर, कडवं होतं. जालिंदर आठ वर्षं बदली कामगार. रोज फाटकाशी उभा, कुणी गैरहजर असेल तरच काम. एकदा तोंड उघडलं तर काम गेलं, आणि वर्षभरात माणूसही गेला.

भोंगा झाला, फाटक मिटलं, बदलीवाला दारी,
जो बोलला तो उचलून नेला, गप्प बसली सारी.

पक्की प्रत काढताना हे कडवं मी उतरवलंच नाही. भ्यालो. बायको, सोजर, एकसारखी म्हणायची, तुम्हाला नेलं तर मी काय करू? आणि पोरांना काय सांगितलं — चौकीतल्या साहेबानं खोडलं! पोरं साहेबाला शिव्या देत होती, मी मान हलवत होतो. नागनाथ तर रडला होता.

वाटतं, यंदा तेच कडवं त्याच्या तोंडून म्हणवून घ्यावं. माझाही जीव हलका होईल.

१६ सप्टेंबर

गणपती बसले. नागनाथ समोरून आला, वाकून पाया पडला आणि पुढं गेला.

२० सप्टेंबर

मेळा झाला नाही. नागनाथ त्या रुंद पॅन्टमध्ये उभा राहून सिनेमातलं प्रेमाचं गाणं गायला. गळा तोच, तसाच काळजात जाणारा. सगळी चाळ डोलत होती, आमची सोजरसुद्धा. मला रडू आलं, आणि रागही. देवानं एवढा गळा दिला आणि बापाची आठवण तेवढी द्यायची विसरला.

२१ सप्टेंबर

राहवलं नाही. नागनाथच्या आईला, मीनाबाईला, जाऊन हेच ऐकवलं. ती विड्या वळत होती. हात थांबवून म्हणाली, "भाऊ, गेल्या साली त्यो एकटाच चौकीवर गेलता. माज्या बापाचं कडवं परत द्या म्हनाया. सायबानं तुमची प्रत काडून त्याच्या म्होरं ठिवली. त्यात कडवंच न्हवतं." हे कुणाला सांगायचं नाही, काकांची मान खाली जाईल, अशी शपथ त्यानं आईला घातली होती.

सतरा वर्षांचा होता तेव्हा. मी त्या चौकीच्या पायरीवरूनच प्रती देऊन परत फिरलो होतो.