भांडीवाली

जयनगर, १९९४

गुरुराजा,

तू मस्कतला बसलायस, इथं घरातले जुने कपडे नाहीसे होतायत. मी कामवालीवर संशय घेतला. काल गाठोडं तुझ्या चिन्नीच्या पलंगाखाली निघालं.

"चोरटे! बाळ नको म्हणून लपवलेस ना?"

तुझ्या बायकोला दिवस गेल्यापासून ती चिन्नीला बाळांची चित्रं दाखवते. मला ते थेर वाटले. मी चिन्नीला सांगून टाकलं, कपड्यांवर भांडी देणारी भांडीवाली येते ना, तिला जुने कपडे देऊन बाळ आणायचं.

"हवंय अज्जी. पण कपडे कमी पडले तर तिला मलाच देशील, म्हणून साठवले."

आज भांडीवाली ओरडत आली. चिन्नी माझ्या लुगड्यामागं लपली. मी म्हटलं, "जा गं बाई, आमच्याकडं द्यायला काही नाही."

हे पत्र टाकणार नाही. तू हसशील.

अम्मा