कागदाची मागची बाजू

विकास नगर, लखनौ
१२ नोव्हेंबर १९९६

दादा,

तू मला सायकलवरून शाळेत सोडायचास, तेव्हा मागे बसून मी तुझे वाऱ्यावर उडणारे केस बघत असे. घरात एकीने तरी पदवी घ्यावी, म्हणून तू बारावीनंतर हवाई दलात गेलास. काही वर्षांतच टोपीखाली टक्कल घेऊन आलास.

लतिकाशी तुझं लग्न जमत आलं होतं. फेब्रुवारीच्या सुट्टीत तू दिल्लीला जाऊन डोक्यामागचे केस पुढे लावून घेतलेस. डॉक्टरांचा इंग्रजी कागद माझ्या हातात देत म्हणालास, "ग्रॅज्युएट मॅडम, जरा पढ़के सुनाइए." मी ऐटीत एक बाजू वाचली.

महिन्याभरात लावलेले केस उशीवर दिसू लागले. "सावनी, हे काय गं?" तू विचारलंस. मी ठामपणे सांगितलं, "दादा, तुला फसवलंय त्यांनी." त्याच आठवड्यात तू लतिकाच्या घरी नकार कळवलास आणि जोधपूरला निघून गेलास.

काल तुझा फोटो आला. कपाळावर दाट केस! मी तो कागद शोधून उलटला. मागे लिहिलं होतं, लावलेले केस आधी गळतात, घाबरू नये, तीन-चार महिन्यांनी पुन्हा उगवतात.

लतिकाचं लग्न दिवाळीआधीच झालं.

फोटोबरोबरच्या चिठ्ठीत तू आईला लिहिलंयस, "हे कसं झालं ते सावनीला विचार, घरात तीच शिकलेली आहे." आईने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी म्हणाले, "माहीत नाही."

तुझीच,
सावनी