बाराशे सी.सी.

४ नोव्हेंबर १९६८, नांदुरा
मेहकर आणि खामगाव अशा दोन ठिकाणी गाडी बदलून दुपारी तीनला पोचले. पहिली नोकरी! सकाळपासून उगाच हसू येतंय. दवाखाना गावाबाहेर, जिनिंग कारखान्याच्या पलीकडे आहे. वीस खाटांचा, नवाकोरा, भिंतींना अजून चुन्याचा वास. नागपूरला ट्रेनिंगमध्ये एका खाटेवर दोन-दोन पेशंट असायचे, इथे प्रत्येकाला वेगळी खाट आणि शेजारी टेबलही. माझ्या खोलीच्या खिडकीतून रेल्वेचा सिग्नल दिसतो आणि कापसाच्या बैलगाड्यांची लांबलचक रांग.

डॉक्टर उत्तमराव चार वर्षं विलायतेत होते. त्यांनी स्वतः सगळं फिरून दाखवलं. सगळ्यात शेवटी एक खोली, व्हरांड्याच्या बाजूने अर्धी भिंत काचेची. म्हणाले, गेल्या वर्षी आफ्रिकेत एकाचं हृदय दुसऱ्याला बसवलं, तो अठरा दिवस जगला. सगळं जग हृदयामागे धावतंय, पण खरं काम मूत्रपिंडाचं आहे आणि आपल्या भागातलं पहिलं काम या खोलीत होणार. मला वाटलं, सुलतानपूरच्या शाळामास्तरची मुलगी अगदी योग्य जागी येऊन पडली.

९ नोव्हेंबर
मागच्या शेडमध्ये कुत्री आहेत. दवाखाना बांधून होईपर्यंत डॉक्टरांनी दोन वर्षं त्यांच्यावर हात बसवला. एक तर दुसऱ्याच्या मूत्रपिंडावर एकतीस दिवस जगलं, असं ते अभिमानाने सांगतात. आमच्या आयाबाई, झुंबरबाई, त्या बाजूला फिरकत नाहीत.

आज काचेच्या खोलीसाठी पहिला पेशंट आला. शालिग्राम, वय चोवीस, अमडापूरचा. दोन्ही मूत्रपिंडं निकामी. चेहरा सुजून डोळे बारीक झालेले. दवाखान्याच्या ट्रस्टचे अध्यक्ष भगवंतराव हे त्याचे चुलते. सोबत त्याची आई आहे, सोजराबाई. विधवा, भाजीपाला पिकवतात. येताना मेथीच्या दोन जुड्या घेऊन आल्या आणि स्वयंपाकघरात देऊन टाकल्या. रक्त साफ व्हावं म्हणून पोराच्या पोटात नळी घालून डॉक्टर पाणी खेळवत होते, तोवर त्या बाहेर बसून दवाखान्याच्या डाळीतले खडे निवडत होत्या. मोकळे हात त्यांना सोसवत नाहीत.

१४ नोव्हेंबर
आईचं रक्त जुळलं. त्यांना समजावून सांगायचं काम डॉक्टरांनी मला दिलं, कारण त्यांची भाषा मला येते. एक मूत्रपिंड, त्यांच्या भाषेत गुर्दा, काढला तरी माणूस दुसऱ्यावर आयुष्य काढतो, हे सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं. जोखमीचं काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "त्याच्या आंगात गेल्यावर तो गुर्दा माह्याच राहीन, का त्याचा होईन?"

मला हसू आलं. म्हटलं, त्याचाच होईल. त्यांनी कागदावर अंगठा उमटवला.

२१ नोव्हेंबर
सकाळी आठ ते दीड. दोन टेबलं शेजारी-शेजारी. आईचा गुर्दा बाहेर काढला तेव्हा तो राखेच्या रंगाचा होता. रक्तवाहिनीचा चिमटा सोडला आणि बघता बघता गुलाबी झाला. चार मिनिटांत नळीच्या टोकाला थेंब आला, मग दुसरा. डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही. हा दिवस मी कधी विसरणार नाही.

२७ नोव्हेंबर
दिवसाला दोन हजार सी.सी. लघवी! सूज उतरल्यावर शालिग्राम भलताच देखणा निघाला. काचेच्या खोलीत माझ्याशिवाय कोणी जायचं नाही, जंतूंची भीती. सोजराबाई बायकांच्या वॉर्डात असतात. सकाळी मला पाहिल्याबरोबर विचारतात, आज किती? सी.सी. हा शब्द त्यांना फार आवडतो. बाराशे म्हटलं तर बाराशे असं स्वतःशी दोनदा म्हणतात आणि मगच चहा घेतात.

२ डिसेंबर
ताप. पोटातली जागा टणक आणि सुजलेली. परवा चारशे, काल दीडशे, आज चाळीस. अंगाने परकं अंग नाकारलं. ते थांबवायच्या गोळ्या दुप्पट केल्या, मग तिप्पट, पण उपयोग दिसत नाही. सोजराबाईंना हजार सांगितले. डॉक्टर म्हणाले, टाके निघेपर्यंत तिला धक्का नको. मलाही ते पटलं.

४ डिसेंबर
शालिग्राम सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी गेला. हात माझ्याच हातात होता.

डॉक्टरांनी आधी ते मूत्रपिंड काढून बरणीत घालून कपाटात ठेवलं, मग देह दिला. भगवंतरावांनी चार माणसं घेऊन दुपारीच नदीवर उरकलं. मागच्या दाराने. मग दोघांनी मला बसवून सांगितलं की सोजराबाईंना इतक्यात कळता कामा नये. त्याच दमात डॉक्टर म्हणाले की बारा तारखेला मुंबईचे तज्ज्ञ यायचे आहेत, तोवर लघवीचा तक्ताही भरत राहायचा. मी दोनदा विचारलं, कोणाचा तक्ता? डॉक्टर म्हणाले, शालिग्रामचाच.

५ डिसेंबर
खाटेवर उशा ठेवून त्यावर पांघरूण घातलं. नळी पांघरुणाखाली खोचली, दुसरं टोक बाटलीत सोडलं. काचेतून पाहिलं तर माणूस भिंतीकडे तोंड करून झोपल्यासारखा दिसतो. हे सगळं मी केलं. माझ्याच हातांनी.

सोजराबाईंना बाराशे सांगितले. बाराशे, बाराशे, असं म्हणून त्यांनी चहा घेतला.

७ डिसेंबर
तक्त्यावर साडेतेराशे लिहिले. तासाभराने झुंबरबाई फरशी पुसायला आत गेल्या आणि बाटली हातात घेऊन बाहेर आल्या. मला विचारलं, बाई, हे मोजाचं हाय का फेकाचं? मी मोजलं.

साडेतेराशे.

८ डिसेंबर
कोणीतरी खोडसाळपणा करतंय, म्हणून बाटली धुतली, पुसून कोरडी केली, खोलीला कुलूप लावून किल्ली कमरेला ठेवली. सकाळी दहाला नऊशे लिहिले. बाराला कुलूप काढलं. नऊशे. बाटली कोमट होती.

पांघरूण उचलून पाहिलं. नळीचं टोक उशीला लागून पडलेलं, ओलं. उशी कोरडी.

९ डिसेंबर
डॉक्टरांना सांगितलं. वाटलं होतं, मला वेड्यात काढतील. ते आले, बाटली उजेडात धरून पाहिली आणि तपासायला घेऊन गेले. दुपारी कागद हातात घेऊन परतले तेव्हा चेहरा उजळला होता. "पिंड उत्तम काम करतंय, सिस्टर," म्हणाले. यातलं काही फेकायचं नाही, असा हुकूम केला.

हा माणूस घाबरला नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटते आहे.

झुंबरबाईंनी आजपासून काम सोडलं.

१० डिसेंबर
सोजराबाईंचे पाय सुजले आहेत. बोट दाबलं की खड्डा राहतो. त्यांचा स्वतःचा तक्ता इतके दिवस कोणी पाहिलाच नव्हता. देणाऱ्याकडे कोण बघतो? आज पाहिला. पाच तारखेपासून त्यांची लघवी उतरते आहे. मी तिकडे जेवढं लिहिते, तेवढीच इकडे घटते. तीन वेळा वजाबाकी केली.

डॉक्टरांना म्हटलं, त्यांच्याही पोटात नळी घालू या, पाणी काढू या. म्हणाले, पाहुणे जाऊ देत.

११ डिसेंबर
सकाळी तिकडच्या तक्त्यावर दोनशेच लिहिले. दुपारी सोजराबाईंना हजाराच्या वर झाली! हलकं वाटते म्हणाल्या. उठून बसल्या, भाकर मागितली. मी न्हाणीघरात जाऊन रडले.

चारला डॉक्टरांनी तक्ता पाहिला. "उद्या मी लोकांना दोनशे दाखवू का?" म्हणाले. माझा आकडा खोडून त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं — दोन हजार.

१२ डिसेंबर
पाच तज्ज्ञ आले. काचेबाहेरूनच पाहिलं, जंतूंची भीती म्हणून. तक्ता हातोहात फिरला. भगवंतरावांनी हार घातले. फोटो निघाला. खाटेखाली बाटली काठोकाठ भरलेली. फोटोत तीही आली असेल.

सोजराबाईंची खाट कालच मागच्या खोलीत, कोठीजवळ हलवली आहे. डोळे उघडत नाहीत इतकी सूज. लघवी नाही. एक थेंब नाही. पाहुणे जेवून पाचच्या गाडीने गेले, आणि डॉक्टर त्यांना पोचवायला.

१३ डिसेंबर
सकाळी सांगितलं. हात धरून सांगितलं, तुमचा शालिग्राम चार तारखेलाच गेला, मी रोज खोटं बोलले.

त्या म्हणाल्या, "मले ठाव होतं, पोरी. नदीवरचा धूर दिसे मले खिडकीतून. पण तू आकडा सांगे, तितकी येळ तो जित्ता राहे."

श्वास लागत होता. थांबल्या, आणि पुन्हा म्हणाल्या, "आज किती? सांग ना."

मी काय करायला हवं होतं? शून्य म्हणायला हवं होतं. जीभ रेटली नाही. बाराशे म्हटलं.

बाराशे, म्हणाल्या. दुसऱ्यांदा म्हणायचं राहिलं.

१४ डिसेंबर
मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनिया. डॉक्टरांची सही. भगवंतरावांनी दवाखान्याला सोजराबाईंचं नाव द्यायचं ठरवलं आहे. एका दगडावर कोरणार म्हणे.

तक्त्याला मी हात लावला नाही. डॉक्टरांनी भरला. पंधराशे.

बाटलीत पंधराशे.

सोजराबाई तर गेल्या. मग हे कोणाचं —

१५ डिसेंबर
काल सकाळपासून मला लघवी झालेली नाही.

तांब्याभर पाणी प्याले. पुन्हा एक. नाही.

चपला घट्ट होतात.

डॉक्टरांना सांगितलं. माझी नाडी पाहिली, जीभ पाहिली. मग काचेच्या खोलीकडे गेले. तक्ता लिहीत होते. मी ओरडले, लिहू नका. ते म्हणाले, आता थांबलो तर सगळं वाया जाईल —

१६ डिसेंबर
तक्ता फाडला. त्यांनी दुसरा लावला. बरणीचं कपाट बंद. दगड मारून काच फोडली — आत उशा, पांघरूण, बाटली. टपटप ऐकू येतं. खोलीत कोणी नाही आणि टपटप —

बोटं जाड झाली. अक्षर नीट येत नाही. गावी पत्र — कोणाच्या हाती देऊ

१७ डिसेंबर
आज नवीन पेशंट. किसनराव, मलकापूरकडचे. सोबत बहीण. वच्छलाबाई. रक्त जुळलं. डॉक्टर दारातून सांगून गेले, सिस्टर, तुम्ही हुशारीने समजावता, तिला तेवढं समजावून अंगठा घ्या.

बाई व्हरांड्यात बसली आहे. खिडकीतून दिसते. एका डोळ्याने. दुसरा उघडत नाही. भावाला पदराने वारा घालते आहे.

तिला सांगायचं. जा म्हणायचं. एवढंच. दहा पावलं आहेत —

भिंत धरून उठते. पाय जड —

ती माझ्याकडे बघून हसली. हातातला कागद माझ्या या डायरीचा आहे, तिला वाटतं मी अंगठा घ्यायला आले — डॉक्टर शाई घेऊन तिच्याकडे — बाई, नको, हात मागे —