स्मरणिकेची पीडीएफ

तीर्थरूप नत्थूभाऊंस,

धाकट्या सुभद्रेचा नमस्कार. तुमचा गुडघा काय म्हणतो? वहिनी तिकडे मौद्याच्या उन्हात पापड घालत बसली असेल, तर तिला माझ्यातर्फे रागवा. आम्ही प्रताप नगरात सगळे मजेत, आणि मी तर आज जमिनीवर नाहीच!

तुम्ही सुरू केलेल्या आपल्या वाचनालयाची स्मरणिका छापून झाली, भाऊ! टाइप सगळी मीच केली (बोटे अजून ठणकतात). वर्डची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन महाल भागातल्या रोशनच्या छापखान्यात गेले, तर त्याच्या कॉम्प्युटरवर माझ्या मराठीचे नुसते चौकोन झाले, आणि आमचे नवे अध्यक्ष भैयाजी यांचा फोटो घसरून 'उंदरांचा बंदोबस्त' या लेखात जाऊन बसला. भैयाजी नेमके सोबत होते. "काय करून राहिल्या ताई तुमी? राहू द्या ते पुस्तक!" म्हणत चपला घालायला लागले. वर्षभराची मेहनत डोळ्यांदेखत चालली होती. रोशन म्हणाला, "ताई, तुमचा फॉन्ट माह्या मशीनवर नाही न. पीडीएफ करून आणा, फॉन्ट तिच्यातच बसवा. मंग काही हालत नाही."

घरी येऊन पदर खोचला. एक पीडीएफ छपाईसाठी केली (जड, फोटो ठसठशीत, कडेला कापायला जागा सोडलेली) आणि एक मोबाईलसाठी, हलकी. दोन्ही छान झाल्या, फक्त पाठवल्या उलट्या! हलकीतले फोटो छापखान्यात रांगोळीच्या ठिपक्यांसारखे दिसले, आणि जड फाइलने व्हॉट्सअॅप ग्रुपवरचे सगळे मोबाईल तुंबवले. पण मी हटले नाही. अदलाबदल केली आणि पुन्हा महाल गाठले. मशीनमधून पहिले पान बाहेर आले, तर काना हलला नव्हता की मात्रा! भैयाजींनी आपला फोटो बोटाने चाचपून पाहिला (आसपास उंदीर नव्हते) आणि सगळ्या छापखान्यासमोर म्हणाले, "ताई, तुमाले मानलं!"

तुमची,
सुभद्रा

ता. क. मोबाईलवाली पीडीएफ पाठवते आहे. संस्थापकांच्या पानावर तुमचा फोटो झकास आला आहे.

ता. क. २. नावाआधी मात्र 'कै.' पडले आहे (ते शेजारच्या फोटोतल्यांचे होते). प्रती बांधून झाल्या. भैयाजी तुम्हाला ओळखत नाहीत, त्यांनी रविवारी प्रकाशनाला तुमची श्रद्धांजली ठेवली आहे, आणि सांगायची माझी हिंमत होत नाही. तेव्हा एवढे कराच, श्रद्धांजलीच्या आधी येऊन पहिल्या रांगेत बसा. वहिनीलाही आणा. कुंकू मोठे लावायला सांगा.