ओढ्यात सापडलेला झेंडा

१२ सप्टेंबर १८६८

आज पुन्हा तेच! कोर्टासमोर सभा, खोक्यावर मी, आणि माझ्याआधी बोलायला माझ्या तुकडीचा जुना सार्जंट रूएल हॅस्केट. म्हणे, कॅप्टनसाहेबांनी, म्हणजे मी, यादवी युद्धात भर लढाईत पडलेला झेंडा उचलला — एका हातात झेंडा, दुसऱ्यात तलवार — म्हणून आमची तुकडी टिकली! लोक टोप्या उडवतात. मी हात हलवतो. आणि मला आठवतो नुसता धूर. मग एकदम जखमींची गाडी. जवळच गोळा फुटला होता म्हणे.

अमेरिकेच्या काँग्रेसवर, म्हणजे संसदेत, निवडून जायला मतं याच गोष्टीवर मिळणार. माझ्या वकिलीला ओहायोत कोण विचारतो!

१३ सप्टेंबर

लविनिया सफरचंदं सोलत होती. विचारलं, "मी खरंच उचलला असेन का गं?"

"इतकी माणसं सांगतायत. नाही म्हणणारे तुम्ही कोण?"

बायको आहे की न्यायाधीश!

२६ सप्टेंबर

पलटणीचा मेळावा. आमच्या पलटणीचे डॉक्टर टेम्पल साइडर, म्हणजे सफरचंदाची दारू, चढवून माझ्या पाठीवर थापा मारत होते. "लढाईच्या दिवशी सकाळीच घोड्यावरून पडलात की! उजवा हात मीच गळ्यात बांधला होता."

मग डाव्या हातात काय होतं? झेंडा की तलवार? दुसरा कुणी असा साक्षीदार असता, तर उलटतपासणीत सोलून काढला असता. इथे साक्षीदार मीच, आरोपीही मीच.

२७ सप्टेंबर

चर्चमध्ये कशातच लक्ष नव्हतं.

५ ऑक्टोबर

शेवटची सभा. बोलून टाकलं — "झेंडा मी उचलला नसावा! मला काही आठवत नाही!"

मग काय टाळ्या! "केवढा विनय!" विरोधी पक्षाला मत देणारा न्हावीसुद्धा रडला. लाज वाटली, आणि बरंही वाटलं. हे काय चाललंय माझं? रूएल तेवढा पांढराफटक पडला होता.

१४ ऑक्टोबर

निवडून आलो. सकाळीच रूएलला गाठलं. "खरं सांग. झेंडा कुणी उचलला? तू?"

"कुणीच नाही, साहेब. तुकडीच्या तुकडी पळाली. झेंडा संध्याकाळी ओढ्यात सापडला. पोरांना घरी तोंड दाखवायचं होतं — एक तरी माणूस उभा राहिला, असं सांगणं भाग होतं. तुम्ही बेशुद्ध होतात. नाही म्हणणार नव्हतात."

"आणि मी? मीही पळालो?"

त्याने हातातली टोपी डोक्यावर चढवली.

"मागे वळून बघत होतं कोण, साहेब?"