राजसीच्या घराला फुगे

अंबरनाथ, ८ ऑगस्ट

चि. सौ. वृंदा हिस अनेक आशीर्वाद.

फोनवर तू रडतेस आणि मी ओरडतो, म्हणून हे पत्र लेकीला भेटायला आलेल्या पुष्कररावांच्या हाती पाठवतो आहे. तुमच्या मांजर्लीच्या तळमजल्यात पाणी शिरून राजसीचं खोक्याचं खेळघर वाहून गेलं, त्याला आज बारा दिवस झाले. पोरगी माझ्याकडे मजेत आहे, पण मांजर्लीचं नाव काढलं की पलंगाखाली जाऊन बसते. फुग्यांनी वर उचललं जाणारं घर मिळालं तरच परत जाईन, असं तिने मला ठणकावलं आहे.

मी ते करणार. छत्रीचं कापड आणि बांबूच्या कामट्या आणल्या, कॅम्प दोनच्या बाजारात हेलियमचे फुगे सांगून ठेवले. चौतीस वर्षं कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात साहेबांचं ऐकलं, आता नातीचं ऐकतो. तूही माझं ऐक. तो तळमजला विका आणि इकडे या.

माया आहेच, ती वाढव.
तुझा बाबा

मांजर्ली, ११ ऑगस्ट

ती. बाबांस शि. सा. न.

आठ वर्षांची मुलगी फुग्यांनी उचलली जात नाही, हे तुम्हाला माझ्याआधी कळतं. मग तिला कशाला नादी लावता? घर तिच्यासकट जमिनीवरच बसलं म्हणजे ती पुन्हा कुणावर विश्वास ठेवणार?

आणि विकण्याचं पुन्हा लिहू नका. गाद्या फेकल्या, कमरेपर्यंतच्या भिंती मी स्वतः घासल्या. आई पाण्याला घाबरून पळाली, हे माझ्या मुलीने बघायचं नाही. रविवारी तिला न्यायला येते. फुगे असोत नसोत, सोमवारी ती शाळेत जाणार.

राग आहे, तरी गोळ्या वेळेवर घ्या. लोभ कमी करू नका.
तुमची वृंदा

अंबरनाथ, १४ ऑगस्ट

चि. वृंदा हिस आशीर्वाद.

घर उडालं! गच्चीत दोरीला बांधून गुडघ्याच्या वर तरंगलं. पण किलोभरापेक्षा जास्त वजन ते उचलत नाही. तुझं पत्र खिशात होतं, म्हणून ती आत बसली तर ते उडणार नाही, हे तिला खरं सांगून टाकलं. फुगे आठवड्यात उतरतात, हेही सांगितलं. तिने मला वेड्यात काढलं. आपण तिला काही विचारलंच नव्हतं, वृंदा. सोबत तिची चिठ्ठी आहे. विकण्याचा विषय मी सोडला.

म्हाताऱ्यावर फार रागावू नये.
बाबा

ती. आईस राजसीचा नमस्कार.

मला घरात बसून उडायचं नाहीये. पाणी आलं तेव्हा मी, तू आणि बाबा जिन्याने वर पळालो. आपल्याला पाय आहेत. माझ्या घराला नव्हते. माझी काशी बाहुली आत झोपली होती, तीपण वाहून गेली. मी जिन्यात तुला तीनदा सांगितलं, तू हात सोडला नाहीस. आता पाणी आलं की घर नव्या बाहुलीला घेऊन आपलं आपण वर जाईल. फुगे उतरले की मी पुन्हा भरीन.

रविवारी लवकर ये. आणि आजोबांनी कितीही सांगितलं तरी आपलं मोठं घर विकू नकोस. त्यालाही पाय नाहीत.

तुझी लाडकी,
राजसी